अदृश्य आधार

भिंतीवर टांगलेल्या चित्राकडे पाहताना आपली दृष्टी नकळत वर खिळ्याकडे जाते. खिळा दिसला की मन निश्चिंत होते आणि मग आपण चित्र पाहू लागतो. वस्तूंवरचा आपला विश्वास असा फार पूर्वीपासून डोळ्यांच्या साक्षीवर चालत आला आहे. खांब दिसला पाहिजे, खांबावर तुळई दिसली पाहिजे, तुळईवर कडीपाट दिसला पाहिजे. मग त्याखाली अंथरूण पसरून माणूस खुशाल घोरू शकतो. वाड्यांत ज्यांचे बालपण गेले त्यांना हे सांगावयास नको. रात्री जाग आली म्हणजे तुळईच्या गाठी मोजीत पडणे हा ज्यांचा उद्योग होता, त्यांना घर कशावर उभे आहे हे कधी विचारावे लागले नाही.

परप्रांतांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आज ज्या इमारतींतून दिवस काढावे लागतात, त्यांच्यात मात्र ही साक्ष मिळत नाही. गुरुग्राम घ्या, हैदराबाद घ्या, बंगळूर घ्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काचेचे कडे उभे आहेत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अखंड काच. बाहेरून पट्टी नाही, स्क्रू नाही, खाच नाही. एका काचेची कड दुसरीच्या कडेशी येऊन थांबते आणि मध्ये बोटभर काळी रेघ तेवढी दिसते. ह्या काचा कशाने धरल्या आहेत असे आम्ही प्रथम विचारले तेव्हा मिळालेले उत्तर एका शब्दाचे होते : चिकटवल्या आहेत.

ते उत्तर ऐकून जे वाटले ते भय नव्हते. काहीसा अपमान वाटला. पाकिटाला तिकीट चिकटवावे, पतंगाला शेपूट चिकटवावे, हे ठीक. पण विसाव्या मजल्यावरची मणभर काच? खालून माणसे चाललेली असताना?

ह्या शंकेचे तांत्रिक उत्तर आहे आणि ते पोकळ नाही, हे आधी सांगितले पाहिजे. काचेच्या मागच्या कडेवर आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीवर सिलिकॉनची एक पट्टी भरतात. ती सुकून रबरासारखी होते आणि दोहोंना धरून ठेवते. काचेचे वजन पुष्कळदा खालच्या बाजूस दडवलेल्या लहान आधारांवर ठेवलेले असते. परंतु वाऱ्याशी झगडण्याचे काम त्या पट्टीचेच. वारा समोरच्या काचांना आत दाबतो हे आपणांस ठाऊक असते. तोच वारा इमारतीच्या कुशींना आणि पाठीला असलेल्या काचा बाहेर ओढतो हे सहसा ध्यानात येत नाही. ही ओढ पट्टीने पेलावयाची. म्हणून तिच्यावर चौरस सेंटिमीटरला सुमारे दीड किलोहून अधिक ओढ पडू नये असा हिशेब धरतात, आणि तिची खरी ताकद ह्याच्या कित्येक पट असते. चारही बाजूंनी केवळ ह्या पट्टीने काचा धरलेली पहिली इमारत म्हणून अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या १९७१ सालच्या एका कार्यालयाचा उल्लेख करतात. तेव्हापासून पन्नासांहून अधिक वर्षे ही रीत जगभर चालली आहे, आणि बहुतेक ठिकाणी काचा जागच्या जागी आहेत.

तेव्हा प्रश्न काच पडेल की काय हा नाही. प्रश्न असा की, ज्याचा आधार कोणालाच दिसत नाही अशी वस्तू दुसऱ्यांच्या डोक्यावर उभी करण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो?

आधार लपवणे म्हणजेच लबाडी, असे म्हणणारा एक पक्ष आहे. जॉन रस्किन ह्याने १८४९ च्या आपल्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ ह्या ग्रंथात बांधकामातील सत्याची बाजू मोठ्या आवेशाने मांडली. इमारत ज्यावर उभी आहे त्याहून निराळ्याच कशावर तरी ती उभी असल्याचा भास करून देणे, हे त्याने असत्यात जमा केले. परंतु रस्किनला नावे ठेवण्यापूर्वी आणि त्याची री ओढण्यापूर्वीही त्याच ठिकाणचे त्याचे दुसरे म्हणणे पाहिले पाहिजे. सांगाडा उघडा करून दाखवण्याचे बंधन शिल्पकारावर नाही, असे तो म्हणतो. माणसाच्या अंगावरची कातडी हाडे झाकते म्हणून आपण कातडीला खोटी म्हणत नाही. हा भेद आम्हांला मोलाचा वाटतो. झाकणे निराळे आणि फसवणे निराळे. काचेचा पडदा काही भासवीत नाही. तो खांबाचा आव आणत नाही. तो फक्त आपला आधार सांगत नाही, इतकेच.

आपल्याकडे हेमाडपंती देवळांत चिऱ्यांच्या मध्ये चुना नसतो. चिरा चिऱ्यात बसवलेला, आणि वरच्याचे वजन खालच्याला जागेवर दाबून धरणारे. तेथे भारच बंधनाचे काम करतो. जितका भार अधिक तितका सांधा घट्ट. काचेच्या पडद्याचे उलटे आहे. जे जे त्यावर येते ते ते सांधा सोडवावयास येते. वारा येतो तो ओढावयास, ऊन येते ते ताणावयास. निसर्गाची एकही शक्ती त्याच्या बाजूची नाही. त्याला धरून ठेवणारे जे काही आहे ते माणसाने केलेले आहे, आणि म्हणून त्याचा जाब माणसालाच देता आला पाहिजे.

चिकटवण्याची विद्या आपणांस नवी नव्हे. अवंतीच्या वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाचे एक सबंध प्रकरण घातले आहे. कच्ची टेंभुर्णीची फळे, कच्ची कवठे, सावरीची फुले, वेखंड असे नाना पदार्थ पाण्यात उकळून आठवा हिस्सा काढा उरवावयाचा. त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ वगैरे घालून लेप करावयाचा आणि तो तापवून देवळे, हवेल्या, मूर्ती, भिंती आणि विहिरी ह्यांना लावावयाचा. हा लेप किती टिकतो? आचार्य आकडा देतात तो सहस्र गुणिले दहा सहस्र, म्हणजे एक कोटी वर्षांचा. मराठीत जे कधीच पुसले जाणार नाही त्याला आपण अजून ‘वज्रलेप झाले’ म्हणतो, ते ह्याच लेपाच्या पुण्याईवर. आचार्यांविषयी पूर्ण आदर बाळगूनही, ह्या आकड्यापुढे आम्हांला थोडे हसू येते. एक कोटी वर्षांची हमी देणाऱ्याला कोणी पुराव्यासाठी अडवू शकत नाही.

त्यामानाने आजचा सिलिकॉन फार विनयशील. युरोपातील मार्गदर्शक नियमांत अशा चिकट्याचे आयुष्य पंचवीस वर्षे गृहीत धरले आहे. आणि हा आकडा म्हणजे हमी नव्हे, निवड करताना वापरावयाचा अंदाज आहे, हेही तेथेच सांगून ठेवले आहे. पंचवीस वर्षे ओलांडूनही टिकलेली कामे आहेत. तरी एका कोटीवरून पंचवीसवर येणे ही आम्हांला अधोगती वाटत नाही. आपले वय स्वतः सांगणारी वस्तू अधिक विश्वासार्ह. अडचण एवढीच की, हे वय कागदावर असते आणि इमारतीवर नसते. मुदत संपलेली औषधाची बाटली आपण फेकून देतो. मुदत उलटलेल्या भिंतीखालून रोज कचेरीत जातो.

आमचे एक परिचित आहेत. सरकारी बांधकाम खात्यात अभियंता म्हणून आयुष्य काढून आता निवृत्त झाले आहेत. उत्तरेकडील एका शहरात अशाच एका कार्यालयीन इमारतीची देखरेख त्यांच्याकडे होती. ह्या विषयातले आमचे पुष्कळसे शिक्षण त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या चहावर झाले. चिकटा लावण्यापूर्वी चौकट पुसण्याची जी रीत त्यांनी सांगितली ती आम्ही विसरू शकत नाही. दोन फडकी लागतात. पहिले द्रावणात भिजवलेले, त्याने पुसावयाचे. दुसरे कोरडे, द्रावण आपोआप उडून जाण्याच्या आत त्याने टिपून घ्यावयाचे. एकाच फडक्यावर भागवले तर मळ निघत नाही, विरघळून पसरतो. द्रावण उडते आणि मळाचा पातळ थर पृष्ठभागावर तसाच राहतो. डोळ्यांना चौकट लखलखीत दिसते. चिकटा त्या लखलखाटावर बसतो, धातूवर बसतच नाही.

“दुसऱ्या फडक्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही,” ते म्हणाले. “आणि ते वापरले की नाही, हे इमारत पुरी झाल्यावर ब्रह्मदेवालाही कळायचे नाही.”

आम्ही विचारले, “मग तुम्हांला कसे कळायचे?”

ह्यावर त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. ज्या दिवशी जो चिकटा वापरला, त्याचेच एक बोटभर नमुन्याचे काम त्याच धातूच्या तुकड्यावर करून ठेवतात. तो सुकला की त्याची एक कड सुटी करून हाताने जोर लावून ओढतात. ओढता ओढता चिकटा स्वतःच मधून फाटला आणि त्याचा अर्धा थर धातूला चिकटून राहिला, तर काम उत्तम. पण चिकटा अखंड राहून धातूपासून सोलल्यासारखा स्वच्छ निघाला, तर काम नापास. मग तो कितीही मजबूत असो. तुटावयाचे तर स्वतःत तुटावे, ज्याला धरले त्याला सोडू नये, ही त्या परीक्षेची अट. आम्ही नीतिशास्त्राची काही पुस्तके वाचली आहेत. निष्ठेची इतकी नेमकी कसोटी त्यांत आढळल्याचे स्मरत नाही.

पण निष्ठा म्हणजे कठोरपणा नव्हे, हे ह्याच विषयातील दुसरे सत्य. आणि त्यासाठी जगाला बरीच किंमत मोजावी लागली. ऊन लागले म्हणजे ॲल्युमिनियम काचेच्या अडीच पट वाढते. दोन मीटर उंचीच्या चौकटीत चाळीस अंशांच्या फरकाने दोघांच्या लांबीत सुमारे एक मिलिमीटरचे अंतर पडते. आमच्या उत्तरेकडील उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हा फरक ज्याने सोसला आहे त्याला तो पटवून द्यावा लागणार नाही. मधला सांधा जर ताठ असेल तर हा मिलिमीटर जातो कोठे? तो काचेत जातो. सिलिकॉनचा खरा गुण त्याची घट्ट पकड नव्हे. धरून ठेवीत असताना ते थोडे हलू देते, हा आहे.

बोस्टन शहरात जॉन हॅन्कॉक टॉवर नावाची साठ मजली काचेची इमारत उभी राहात होती. हेन्री कॉब हा तिचा वास्तुशिल्पी. काचा १०,३४४, प्रत्येकीचे वजन सुमारे ५०० पौंड. जानेवारी १९७३ मध्ये एका रात्रीच्या वादळात त्यांतल्या कित्येक काचा फुटून खाली आल्या. पुढेही त्या पडत राहिल्या. रिकाम्या चौकटींत प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या गेल्या आणि वारा वाढला की खालचे रस्ते बंद करू लागले. गावकऱ्यांनी तिला प्लायवूडचा राजवाडा म्हटले. माणूस कोणी मेला नाही, ही दैवाची कृपा. अखेर सगळ्याच्या सगळ्या काचा बदलाव्या लागल्या आणि इमारत १९७६ मध्ये खुली झाली. आज ती २०० क्लॅरंडन ह्या नावाने उभी आहे.

कारण काय निघाले? तो सांधा सिलिकॉनचा नव्हता, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. काचा दुहेरी होत्या, आणि त्या दोन काचांना कडेने जोडणारी शिशाची पट्टी काचेच्या आरशासारख्या लेपाला डाख देऊन पक्की केली होती. हा डाख कच्चा होता म्हणून काचा पडल्या असे कोणालाही वाटेल. तो फार पक्का होता. तो तसूभरही हलू देत नव्हता. म्हणून ऊन-थंडीचा आणि वाऱ्याचा सगळा ताण काचेच्या अंगात शिरला, तेथे बारीक टवके उडाले, आणि टवक्यांतून भेगा गेल्या. बंधन सुटले नाही, बांधलेले फुटले. एकत्र कुटुंबांच्या आणि कचेऱ्यांच्या कारभारात असे फुटलेले पुष्कळ पाहिल्यामुळे आम्हांला ह्या निदानाचे फारसे नवल वाटले नाही.

नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. खटले झाले, तडजोड झाली, आणि त्या तडजोडीत सर्व पक्षांनी काय घडले ह्याची जाहीर वाच्यता करावयाची नाही असे ठरले. त्यामुळे कित्येक वर्षे खरे कारण बाहेरच्या जगाला सांगितले गेले नाही. ह्या काळात इतर गावी इतर शिल्पी काचेची कामे करीत होते. त्यांना जो धडा हवा होता तो वकिलांच्या कपाटात होता. रस्किनने ज्याला असत्य म्हटले असते ते आम्हांला येथे दिसते. काचेमागे पट्टी लपवली ह्यात पाप नाही. पट्टी चुकली हे ज्यांच्या डोक्यावर ती होती त्यांच्यापासून लपवले, ह्यात आहे.

कारण धोका कोण घेतो ते पाहा. मालकाने धोका स्वीकारला, त्याला लखलखीत इमारत मिळाली. शिल्पकाराने स्वीकारला, त्याला कीर्ती मिळाली. खाली पदपथावर भुट्टे भाजणाऱ्याने काय स्वीकारले? त्याला कोणी विचारलेच नाही. त्याला त्या इमारतीची दुपारची तिरीप तेवढी मिळते. काच आपल्या वाट्याची उष्णता रस्त्यावर परतवून लावते, आणि तो बिचारा हातातला पंखा थोडा जोरात हलवतो. आतल्यांचेही सर्व बरे असते असे नाही. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूरच्या कार्लटन टॉवर्स ह्या इमारतीला आग लागली तेव्हा धुराने कोंडलेल्या माणसांनी श्वासासाठी काचा फोडल्या, काहींनी वरून उड्या टाकल्या. नऊ जण मृत्युमुखी पडले. तेथील काचा कोणत्या रीतीने बसवल्या होत्या हा मुद्दा गौण आहे. न उघडणारी भिंत ज्याने पसंत केली तो धुराच्या वेळी तिच्या आत असतोच असे नाही, एवढेच आम्हांला म्हणावयाचे आहे. ल कॉर्बुझिएने १९३३ साली पॅरिसमध्ये निराश्रितांसाठी असेच बंद काचेचे घर बांधले; उन्हाळ्यात आतली माणसे उकडून निघाली, आणि पुढे त्याला काचेसमोर उन्हाचे आडोसे घालावे लागले. चंडीगडच्या सचिवालयात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांनी ते काँक्रीटचे आडोसे पाहिले आहेत. हे त्याचे शिकणे; पण उकाडा सोसला तो निराश्रितांनी.

मग अधिकार कशाने येतो, ह्या प्रश्नाचे आम्हांला सुचणारे उत्तर असे : ज्याचा आधार दिसत नाही, त्याचा जबाब तरी दिसला पाहिजे, आणि तो माणूस बदलला तरी चालू राहिला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली एका इमारतीच्या दर्शनी भागाचा तुकडा पडून रस्त्याने जाणारी एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी ठार झाली. १९८० मध्ये तेथे कायदा झाला आणि सहा मजल्यांहून उंच इमारतींचे दर्शनी भाग दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासून घेणे भाग पडले. तो तुकडा काचेचा नव्हता, साध्या चिरेबंदी कामाचा होता. दिसणाऱ्या भिंतीची जेथे ही गत, तेथे न दिसणाऱ्या सांध्यांची तपासणी कोणाच्या आठवणीवर सोडता येईल?

आपण सारे बदलीची माणसे. तीन वर्षे येथे, तीन वर्षे तेथे; सामानाच्या पेट्यांवर एका गावाचे नाव खोडून दुसऱ्याचे घालता घालता नोकरी संपते. ह्या अवधीत आपण किती भोगवटा प्रमाणपत्रांवर, किती टिपणांवर, किती ‘तपासले, बरोबर आहे’ ह्या शेऱ्यांवर सह्या केल्या ह्याचा हिशेब कोणाजवळ आहे? सही वाळते आणि आपण आगगाडीत बसतो. तिच्यावर जे उभे राहिले ते पंचवीस वर्षे, पन्नास वर्षे तेथेच राहते. खालून जाणाऱ्याला ती सही दिसत नाही, सही करणाऱ्याचे नाव ठाऊक नसते, आणि तरी तो निर्धास्त जातो. त्याच्या ह्या निर्धास्तपणाला भोळेपणा म्हणावयास आमचे मन घेत नाही. शहरात राहावयाचे तर दुसऱ्याने दुसरे फडके वापरले असेल असे धरून चालण्यावाचून माणसाला गतीच नाही.

आमच्या परिचितांनी त्या इमारतीच्या वेळी ओढून पाहिलेल्या प्रत्येक नमुन्याची नोंद एका वहीत केली होती. तारीख, मजला, काचेचा क्रमांक, आणि चिकटा कोठून फाटला. तीन नमुने सोलून निघाले तेव्हा त्या दिवशीच्या सगळ्या काचा त्यांनी परत करावयास लावल्या, आणि त्यापायी बरीच बोलणी खाल्ली. इमारत पुरी होण्याच्या सुमारास त्यांची बदली झाली. वही त्यांनी रीतसर सुपूर्द केली. पोचपावती त्यांच्याकडे आहे. दहा-बारा वर्षांनी त्या शहरात कामानिमित्त गेले असता त्यांनी सहज चौकशी केली, तर वही कोणास सापडेना. अशी वही असते हेही कोणास ठाऊक नव्हते. पुन्हा नमुना तपासावयाचा तर कोणत्या नोंदीशी ताडून पाहावयाचा, हा प्रश्न त्यांनी तेथल्या तरुण अधिकाऱ्याला विचारला. तो बिचारा नुकताच बदलून आला होता.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सुरू केली. तिकडे भाची दिली आहे. त्या निमित्ताने वर्षा-दोन वर्षांनी जाणे होते. गेले की एक सकाळ ते त्या इमारतीसमोरच्या पदपथावर घालवतात. डोळ्यांना दुर्बीण लावून एकेक मजला, एकेक काळी रेघ पाहतात. कोठे फुगवटा, कोठे ओल, कोठे कड सुटलेली दिसते का ते टिपून घेतात. घरी एक नवी वही घातली आहे. मागच्या खेपेस रखवालदाराने हटकले आणि कोणाला भेटावयाचे आहे असे विचारले. “कोणाला नाही, बाबा, काम पाहतो आहे,” असे सांगून त्यांनी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. चौदावा मजला राहिला होता.